शक्ती घ्यावी की पडदा?

बारावीचा निकाल लागून प्रवेश निश्चित झाला, की व्यापारी कुटुंबांत आता एक खरेदी ठरलेली असते. पूर्वी मुलगा शिकायला परगावी निघाला, की वळकटी, पत्र्याची पेटी आणि फराळाचा डबा एवढ्यावर भागत असे. आता लॅपटॉपवाचून वसतिगृहाची पायरी चढता येत नाही. शुल्क, निवास, भोजन यांचे आकडे संस्थेने ठरविलेले असतात. तेथे घासाघीस चालत नाही. लॅपटॉपची निवड मात्र घरावर सोपविलेली असते, आणि आयुष्यभर मालाची पारख केलेल्या माणसांचीही तेथे पंचाईत होते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे अशा खरेदीचे आज एक मोठे निमित्त झाले आहे. एकेकाळी या तालुक्याचे नाव निघाले, की टाटांचे धरण आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला शेतकऱ्यांचा सत्याग्रह एवढेच आठवे. आता त्याच तालुक्यातील लवळ्याच्या टेकड्यांवर सिम्बायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांच्या वास्तू उभ्या आहेत, भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडील कितीतरी घरांतील मुले या परिसरात शिकावयास येतात.

इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या एकत्र कुटुंबातून एकाच वर्षी दोन मुले लवळ्याला आली. थोरल्या भावाची कन्या माध्यम शाखेला, छायाचित्रण व चित्रफीत संपादन शिकावयास; धाकट्या भावाचा मुलगा संगणक अभियांत्रिकीला. आजोबांनी नियम घालून दिला, की दोघांना प्रत्येकी साठ हजार, एक रुपया अधिक नाही आणि उणा नाही. दोघांना सारखेच यंत्र घ्यावे, म्हणजे घरात कोणाच्या मनात किंतु राहणार नाही, असाही त्यांचा विचार होता. तो मात्र टिकला नाही.

कन्येपुढे दोन लॅपटॉप होते आणि दोन्ही त्या रकमेत बसत होते. पहिल्यात वेगवान प्रोसेसर व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड होते, पण पडदा साधा. दुसऱ्यात स्वतंत्र कार्ड नव्हते, प्रोसेसर मध्यम होता, पण पडदा उत्तम. रॅम दोन्हींत सोळा जीबीच. पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी एकमुखाने पहिल्याची शिफारस केली. तेवढ्याच पैशात एवढी शक्ती मिळत असताना ती सोडून केवळ दिसण्यासाठी पैसे मोजणे त्यांना वेडेपणाचे वाटले.

जाहिरातीची मांडणीही याच समजुतीला पोसते. प्रोसेसरचे आणि कार्डाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते; पडद्याचा तपशील तळाशी, बारीक अक्षरांत. जे बारीक अक्षरांत लिहिलेले असते तेथेच उत्पादकाने हात आखडलेला असतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. पहिल्या यंत्राच्या तळाशी ‘४५ टक्के एनटीएससी’ असे शब्द होते. हे १९५३ सालच्या अमेरिकी दूरचित्रवाणीचे रंगमाप. आज इंटरनेटवरील छायाचित्रे ज्या एसआरजीबी या मापात सामान्यतः तयार होतात, त्याच्या हिशेबाने तो पडदा जेमतेम ६२-६३ टक्के रंग दाखवितो. त्याची उजळणी २५० निट्स, म्हणजे खिडकीजवळ बसले तर चित्र फिके पडावे इतकी. दुसऱ्या यंत्राचा पडदा एसआरजीबीचे शंभर टक्के रंग दाखविणारा होता.

टक्क्यांनी वडिलांचे समाधान झाले नाही. टक्का हा विक्रेत्याचा शब्द. डोळ्याने पाहिल्यावाचून कापड घ्यावयाचे नाही, ही त्यांची रीत. म्हणून पुण्यातील दुकानात जाताना त्यांनी घरून तीन तुकडे बरोबर घेतले होते : एक कुंकवी, एक मोरपंखी आणि एक गडद जांभळा. कन्येने त्यांची दिवसाच्या प्रकाशात छायाचित्रे काढून पेनड्राइव्हवर घेतली होती. तीच चित्रे दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी उघडली आणि वडील तुकडे घेऊन दुकानाच्या दारात गेले. कापडाचा रंग ट्यूबलाइटखाली पाहावयाचा नसतो. नळीच्या उजेडात जुळलेल्या दोन छटा उन्हात नेल्या, की अनोळखी होतात. पेठेतला नोकरही गिऱ्हाइकाला म्हणतो, “ताई, दारात चला, तेथे बघा.” पहिल्या पडद्यावर कुंकवी विटकरीकडे झुकला होता आणि मोरपंखीतील गहिरेपण निघून गेले होते. दुसऱ्यावर तिन्ही रंग तुकड्यांच्या पुष्कळ जवळ होते.

“हा माल परत येईल,” पहिल्या पडद्याकडे बोट करून वडील एवढेच म्हणाले.

यात थट्टा नव्हती. कापडाची विक्री मोबाईलवरील चित्रावरून होऊ लागल्यापासून ‘फोटोत वेगळा रंग होता’ ही तक्रार प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली आहे, आणि परत आलेल्या नगाचा जाण्यायेण्याचा खर्च सोसलेला आहे.

तरीही वडिलांनी लगेच होकार दिला नाही. त्यांचा आक्षेप हिशेबी आणि वजनदार होता. “बाळ, पडदा पुढे वेगळा घेता येतो. तार जोडली की झाले. प्रोसेसर आणि ते कार्ड पुढे बदलता येईल का?” बदलता येत नाही, हेच खरे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मूळ पाटीवरच कायमचे बसविलेले असतात. रॅम काही यंत्रांत वाढविता येते, काहींत तीही पाटीला डाखलेली असते. साठवणुकीची एसएसडी बहुधा बदलता येते. आणि बाहेरचा मॉनिटर तर कोणत्याही यंत्राला जोडता येतो. जे मागाहून घेता येते ते आज घेऊ नये, हे दुकानदारीचे जुने शहाणपण आहे आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत तेच बरोबर ठरते.

कन्येचे उत्तर असे, की पुढच्या वर्षी धाकट्याची बारावी आहे. मॉनिटरचे पैसे तेव्हा निघणार नाहीत, हे अण्णांनाही ठाऊक आहे. आणि समजा निघाले, तरी पहिले वर्ष हेच नजर तयार होण्याचे वर्ष. “अण्णा, यंत्र हळू चालले तर मला ते कळेल, मी थांबेन. पडद्याने रंग खोटा दाखविला तर मला ते कळणारच नाही. लाल फिका दिसतो म्हणून मी तो वाढवीन, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तो भडक होईल.” दुकानात एखादा नोकर मंद असतो, त्याच्याने काम उशिरा होते, पण होते. तराजू खोटा असेल तर नोकर कितीही चपळ असो, प्रत्येक तोल चुकतो, आणि चपळाईमुळे अधिकच चुकतो. वडिलांना हे पटावयास वेळ लागला नाही.

त्याच संध्याकाळी दुकानाच्या हिशेबनिसांनी फोनवरून तिसरा मार्ग सुचविला, आणि खरी कसोटी तेथे होती. एकोणसत्तर हजारांचा एक लॅपटॉप होता, ज्यात कार्डही होते आणि पडदाही चांगला होता. बिल पेढीच्या नावाने घ्यावे. किमतीत अठरा टक्के जीएसटी धरलेला असतो. ६९,००० मध्ये तो १०,५२५ रुपये होतो. तेवढे क्रेडिट घेतले, की यंत्र ५८,४७५ ला पडते. वर आयकरात संगणकावर चाळीस टक्के घसारा. आजोबांची मर्यादाही मोडत नाही, आणि मुलगी सुट्टीत दुकानाच्या साड्यांचे फोटो काढतेच, तेव्हा व्यवसायाचा उपयोग दाखविता येतो. हिशेबनिसांच्या बोलण्यात काही कावेबाजपणा नव्हता. असे व्यवहार इतके सर्रास होतात, की त्यांत काही वावगे आहे हेच लक्षात येईनासे झाले आहे. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७ नुसार खाजगी उपयोगाच्या वस्तूवरील कराचे क्रेडिट घेता येत नाही. मिश्र उपयोग असेल तर व्यवसायापुरताच भाग मिळतो. वर्षातून आठ दिवस दुकानाचे काम आणि उरलेले दिवस कॉलेज, याचे प्रमाण काढावयास हिशेबनीस लागत नाही. वडिलांनी क्षणभर विचार केला, हे नाकारण्यात अर्थ नाही; नऊ हजारांत दोन्ही गोष्टी मिळत होत्या. मग ते म्हणाले, “बिल पोरीच्या नावाने करा,” आणि फोन ठेवला. एकोणसत्तर हजारांचे यंत्र तेथेच संपले.

पुतण्याचा निर्णय याच्या अगदी उलट झाला, आणि तोही योग्यच होता. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दिवसभर अक्षरे वाचावयाची असतात. कुंकवी कुंकवी दिसतो की नाही याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. प्रोग्राम बांधताना, मोबाईलचे आभासी यंत्र चालविताना रॅम व प्रोसेसर कमी पडले, तर हातावर हात ठेवून बसावे लागते. त्याने शक्ती घेतली. पडद्याबाबत त्याने एकच पथ्य पाळले : १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा जुना पडदा घ्यावयाचा नाही, १९२० गुणिले १०८० चाच घ्यावयाचा. ठिपक्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होते आणि अक्षर सुबक दिसते. (मराठी वाचणाऱ्याला तर हे अधिकच जाणवते. कमी ठिपक्यांवर ‘र्ष्य’सारखे जोडाक्षर आणि त्यावरील अनुस्वार यांचा नुसता डाग होतो.)

शक्ती उसनी मिळते, असा युक्तिवाद हल्ली नेहमी ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. लवळ्याहून पुण्याकडे येताना लागणाऱ्या पाषाणला, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, २०२४ साली ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. तो वापरणाऱ्या शास्त्रज्ञाच्या टेबलावर मात्र साधाच संगणक असतो. काम तेथून पाठवावयाचे आणि उत्तर मागवावयाचे. विद्यार्थ्यालाही गूगलच्या ‘कोलॅब’वर मर्यादित वेळ विनामूल्य ग्राफिक्स कार्ड वापरावयास मिळते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रे असतात. परंतु मुळशीचा पावसाळा हा या युक्तिवादाचा मोठा शत्रू आहे. सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस सुरू झाला, की वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा राहत नाही. ज्या तालुक्याच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबईला गेली, तेथे मेणबत्ती शोधावी लागणे हा विनोद तेथील रहिवाशांना फारसा आवडत नाही. अशा वेळी पडदेवाल्या हलक्या यंत्राची बॅटरी अर्धा दिवस पुरते. शक्तिवान यंत्राची दोन-तीन तासांत संपते, आणि त्याचे चार्जर विटेएवढे जड असते.

कन्येला तिच्या निवडीची किंमत पुढे मोजावी लागली. पहिल्या वर्षी छायाचित्रे आणि लहान चित्रफिती यांत काही अडले नाही. दुसऱ्या वर्षी त्रिमितीय आकृत्यांचा प्रकल्प आला आणि तिचे यंत्र अक्षरशः रांगू लागले. एका मिनिटाच्या चित्रफितीला रात्र पुरेना. प्रयोगशाळेत रात्री नऊपर्यंत नंबर लावावा लागे, आणि परीक्षेच्या तोंडावर तोही मिळेना. वडिलांनी फोनवर विचारले, तेव्हा तिने जसे होते तसे सांगितले, पडद्याचे गुणगान केले नाही.

वाट चुलतभावाने काढली. प्रकल्प ‘ब्लेंडर’मध्ये होता; ते विनामूल्य असल्याने परवान्याचा प्रश्न नव्हता. रविवारी दोघांची पिरंगुटला भेट होई, ती त्याला फाईल देई, त्याचे यंत्र वसतिगृहात रात्रभर घोंघावत राही. मोबदल्यात त्याने आपल्या ॲपची रंगसंगती तिच्या पडद्यावर तपासून घ्यावयाची, असे ठरले. पहिल्याच खेपेस त्याच्या ॲपमधील ‘सौम्य केशरी’ बटण तिच्या पडद्यावर इतके झगझगीत निघाले, की ते पाहून दोघेही हसत सुटले. आणि मग त्याने वही काढून तिने सांगितलेले आकडे उतरवून घेतले.