काबरी

आमचं सोयगाव संभाजीनगर जिल्ह्याच्या नकाशात आहे ते अगदी वरच्या टोकाला आणि डोंगराच्या खालच्या अंगाला. संभाजीनगरकडून यायचं तर अजिंठ्याची रांग उतरावी लागते. आमचा बाजारहाट, सोयरिकी, बोली, सगळा ओढा शेंदुर्णी, पाचोरा, जळगावकडे. शिवारात कपाशी आणि मका. कपाशी आटोपली की पऱ्हाट्या उपटून परसात रचायच्या, ते वर्षाचं सरपण. माझ्या लहानपणी आमच्या कोंबड्यांचं निम्मं आयुष्य त्या गंजीच्या आसपास जायचं.

कोंबड्या मायच्या होत्या. शेत वडिलांचं, बैल वडिलांचे, कापसाचा पैसा आला की तो दुकानदाराकडे आणि सोसायटीत जायचा. अंड्यांचा पैसा मात्र मायच्या हातात राहायचा. आमच्या वह्या, चहाची पुडी, माहेरी जायचं तिकीट, हे सगळं तिनं कुणापुढे हात न पसरता त्या पैशातून केलं. म्हणून ती कोंबड्यांकडे जसं लक्ष द्यायची तसं घरात दुसऱ्या कशाकडेच देत नसे.

दिवस उजाडला की खुराड्याच्या तोंडावरची फरशी ती सरकवायची, पण सगळ्यांना एकदम बाहेर सोडायची नाही. एकेकीला धरून शेपटीखाली बोटांनी चाचपायची. अंडं हाताला लागलं की म्हणायची, "ही आज घालते," आणि तिला डाल्याखाली झाकायची. बाकीच्या मोकळ्या. मक्याच्या कण्या एक मूठ, त्याही चवीपुरत्या. उरलेलं पोट त्यांनी उकिरडा, गोठा आणि बांध उकरून भरायचं. पावसाळ्यात मी वाळवी लागलेलं लाकूड आणून परसात आपटायचो, तेव्हा जो गलका व्हायचा तो अजून कानात आहे.

काबरी या कळपातली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, एका पायाचं बोट किंचित वाकडं. तलंग होती तेव्हापासूनच तिचा स्वभाव निराळा. पहिलं अंडं घालायच्या आधी बरेच दिवस ती घरभर जागा हुडकत फिरली. कोनाडा, धान्याच्या कणगीमागची फट, वडिलांच्या खाटेखालची घोंगडी. पहिलं अंडं आलं ते लहानसं, कवचावर रक्ताची रेघ असलेलं. मायनं ते पदराला पुसलं आणि पुढे काबरीचं अंडं कधी चुकू दिलं नाही. निदान तिला तसं वाटायचं.

एका दिवाळीनंतर काबरी चाचपताना रिकामी लागू लागली. अंगानं भरलेली, तुरा लालभडक, आणि अंडं नाही. मग एका संध्याकाळी ती खुराड्यात आलीच नाही. मुंगसानं नेली असं आम्ही धरून चाललो. आमच्या भागात ते नवल नव्हतं. वेताळवाडीच्या किल्ल्याकडचं रान जवळ, तिकडून रानमांजरही येई. मायनं मात्र पिसं शोधली. कुठेच पीस नाही, रक्ताचा डाग नाही. "नेली असती तं पिसं पडली असती," एवढंच ती म्हणाली आणि दुपारच्या वेळी ओसरीत बसून पाळत ठेवू लागली. भर उन्हात काबरी पऱ्हाट्यांच्या गंजीतून बाहेर आली, पाणी प्याली, चार दाणे टिपले, मातीत घाईघाईनं अंग घोळलं आणि परत आत शिरली.

मी पऱ्हाट्या बाजूला करायला धावलो. मायनं दंड धरला. "तिले उठवू नको. तिचं तिले कळतं."

त्यानंतर मी पोटावर पालथा पडून गंजीच्या फटीतून तिला तासन् तास पाहिलं. खुडूक कोंबडी नुसती बसून असते असं लोकांना वाटतं. ती बसून नसते. छातीची पिसं झडून तिथं उघडं कातडं होतं, ते ती अंड्यांना टेकवते. थोड्या थोड्या वेळानं चोच पोटाखाली घालून अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते, म्हणजे ऊब सगळ्यांना सारखी मिळावी. आत जीव चिकटून राहू नये म्हणूनही हे फिरवणं लागतं. यंत्रात अंडी उबवतात तिथेही ती तशीच फिरवावी लागतात. काबरीला हे कुणी शिकवलं नव्हतं. दिवसातून एकदा उठायची, ते मी वर सांगितलं तेवढ्यापुरतं. वजन घटलं, तुरा फिका पडला, डोळे मात्र जागे.

कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात. शेवटच्या दोन दिवसांत अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि वरून कोंबडी घशातल्या घशात तिला उत्तर देते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा कठीण दाणा असतो, त्यानं ते कवच फोडतं. पुढे काही दिवसांत तो दाणा गळून पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ओलं, चिकट, थरथरतं पिल्लू काबरीच्या पंखाखालून डोकं काढायचं आणि ती चोचीनं त्याला परत आत लोटायची. पहिली पिल्लं निघाली तरी ती उठली नाही, मागच्यांची वाट पाहत राहिली. पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यामुळे दीडदोन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. आईला थांबता यावं याची ती सोय आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी काबरी नऊ पिल्लं घेऊन परसात आली. आपल्या बाळंतिणीची नजर काढावी तशी मायनं तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

घार डोक्यावर आली की काबरी एकच लांब आवाज काढी आणि पिल्लं जिथे असतील तिथे दबून बसत. दाणा सापडला की वेगळा आवाज, तुटक आणि भराभर. तो ऐकला की पिल्लं तिच्या चोचीखाली गोळा. मे महिन्यात आमच्याकडे ऊन जळगावइतकंच पेटतं. तेव्हा ती चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून रांजणाखालच्या ओलीत उभी राहायची. त्या दिवसांत माय कुणालाच अंड्यांवर बसवत नसे, उन्हानं अंडी नासतात म्हणून.

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिली लागण. नवापूरच्या पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांतही तो रोग निघाला. जळगाव आमच्यासाठी परकं नव्हतं. अंडी फुकट दिली तरी कुणी घेईना. मायनं सगळ्या कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, पाणी आतच दिलं, आम्हा पोरांना परसात पाऊल टाकू दिलं नाही. काबरी त्यातून वाचली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी मानमोडी आली. सकाळी फरशी सरकवली तर दोन कोंबड्या आत मरून पडलेल्या. बाकीच्या हिरवं पातळ हगत होत्या, चोच उघडून श्वास ओढत होत्या. मायनं लसूण, हळद, कांदा, शेजारणींनी सांगितलं ते सगळं केलं. काबरीची मान दुपारी वळायला लागली, संध्याकाळी डोकं पाठीवर उलटं गेलं आणि पाय ताणले गेले. रात्री ती गेली. आठवड्यात परस रिकामं झालं, आमचंच नव्हे, सगळ्या गल्लीचं. मायचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही. तिची कमाई गेली होती आणि काबरी गेली होती. या दोन गोष्टी तिच्यासाठी वेगळ्या नव्हत्या.

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, झाल्यावर औषध नाही. आधी लस मात्र आहे, आणि ती स्वस्त आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला आर-टू-बीची सुई. पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेतही ती तयार होते. अडचण निराळीच असते. एका कुपीत शंभरेक कोंबड्यांची मात्रा असते, कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, आणि एका घरी कोंबड्या दहा-बारा. एकट्या घरासाठी कुपी फोडणं कुणाला परवडत नाही, म्हणून ती फोडलीच जात नाही.

तेव्हा ज्यांच्या परसात आज कोंबड्या आहेत त्यांना माझं सांगणं आहे. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी एक संध्याकाळ ठरवा, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावरची, म्हणजे धरायला पळापळ होत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा, लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा, आणि एकाच कुपीत सगळ्यांच्या कोंबड्या टोचून घ्या. उन्हाळा लागायच्या आत हे करा.