तगर नावाचं बंदर

माढ्याच्या माणसाला समुद्र बघायचा तर पहाटे निघून घाट उतरावा लागतो. रोमचे अवशेष बघायचे तर मात्र दुपारच्या जेवणाआधीच पोचता येतं. गाडी ठरवायची आणि कुर्डुवाडी, बार्शी, येडशी करत तेरला जायचं. सोबत कडक भाकरी, शेंगांची चटणी असावी.

वाटेत बालाघाटाची रांग ओलांडली की पाण्याची दिशा बदलते. आपली सीना भीमेकडे जाते, तेरची तेरणा मांजरेला मिळून गोदावरीकडे. पाणी पूर्वेला निघालं, पण इथला माल मात्र पश्चिमेला जायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तेरचं नाव तगर असं येतं. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. इथलं जाडंभरडं कापड, तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, तिथून जहाजांत. हिंदुस्थानच्या मालापायी रोमचा पैसा वाहून जातो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीनं करून ठेवली आहे. कापूस आपल्या काळ्या रानातला, नि कुरकुर रोममध्ये!

गावातल्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या वर यायच्या. त्या गोळा करण्यात रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानं आयुष्य घातलं. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्री उभी आहे. अंगावर दागिनेच दागिने, अन् चेहऱ्यावर ऐट. तिच्याच घराण्यातली वाटावी अशी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ती आता नेपल्सच्या संग्रहालयात असते. तिला बघायला जग तिकीट काढून जातं. तेरच्या बाईसमोर आम्ही होतो, आणि दोन शाळकरी पोरं. एक जण म्हणालं, "हिच्या पाटल्या बघ की!" मला तरी यापेक्षा नेमकी समीक्षा सुचली नाही.

पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या बाहुल्याही इथे आहेत. ही साच्याची रीत रोमकडून आली, असं अभ्यासक मानतात. तेर म्हटलं की आपल्याला आठवतात ते गोरोबाकाका. थापटण्यानं संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे. माती ओळखणारी माणसं या गावात त्यांच्या आधी हजार वर्षं तरी होती.

त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर चुकवू नये. हत्तीच्या पाठीसारखं छप्पर बघितलं की मूळ चैत्यगृह होतं हे पटतं. बौद्ध गेले, वामन आला, विटा तिथंच राहिल्या.

माझं मत विचाराल तर पॉम्पेईचं भाग्य ज्वालामुखीनं घडवलं. सगळं एका दिवशी झाकलं गेलं, म्हणून जसंच्या तसं मिळालं. तेरवर गाव नांदतच राहिलं. जुन्या घराच्या विटा नव्या भिंतीत गेल्या, टेकाडावर गुरं चरली. म्हणून तिथं बघायला कमी आणि विचारायला जास्त आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गोरोबांच्या दर्शनाला जाल, तेव्हा संग्रहालयासाठी तासभर राखून ठेवा. पोरांनाही न्या.