भरती-ओहोटीचं दार

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि मांडवी ओलांडून काही मिनिटांत दिवाडीला लागते. बेटावर जायला पूल नाही. दोन स्कूटरींच्या मध्ये अंग चोरून उभं राहावं, मागे चर्चचे मनोरे लहान होताना बघावेत. समोरच्या काठावर उतरलं की रस्ता थेट शेतांतून जातो आणि दोन्ही बाजूंची भातखाचरं रस्त्याच्या खाली असतात. नदीही अगदी जवळच वाहत असते, तिचं पाणी खारं. ही शेतं बुडत कशी नाहीत, हा प्रश्न मला पहिल्यांदा गेले तेव्हाच पडला होता.

उत्तर बांधावर सापडलं. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा तो लांबलचक बांध, आणि त्यात एका ठिकाणी बसवलेली मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. तिथे एक म्हातारे आजोबा जाळं सोडवत उकिडवे बसले होते. शेवाळानं काळी-हिरवी झालेली दारं त्यांनी मला हात लावून पाहू दिली. भरतीचं पाणी चढू लागलं की त्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात आणि खारं पाणी बाहेरच थांबतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं ती उघडतात. ना किल्ली, ना मोटर. बाहेर निघणाऱ्या त्या धारेतच जाळं बांधायचं आणि मासळी धरायची. "उदक कोणाकूच सांगून येना, बाय," आजोबा म्हणाले, आणि बांधाला पडलेल्या खेकड्याच्या बिळात चिखलाचा गोळा दाबून बसवला. तळहातानं थोपटलंही, लहान मुलाला थोपटावं तसं.

अशा जमिनींना खाजन म्हणतात. गोव्यातल्याच बांदिवड्याला सापडलेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात 'खज्जन' हा शब्द आलेला आहे. तेव्हापासून पावसाचं पहिलं पाणी मातीतलं मीठ धुऊन काढतंय आणि मग मोड आणलेलं कोरगुट भात पेरलं जातंय. कोरगुट खाऱ्या मातीतही तग धरतं. त्याच्या उकड्या तांदळाची लालसर पेज मी इथल्याच एका घरी प्यायले. सोबत सुक्या सुंगटांची किसमूर आणि कैरीचं मिसकूट होतं. पहिल्या घोटाला पेज बेचव वाटली. मग किसमूरचा खारटपणा तिच्यात उतरला आणि वाटी कधी संपली ते कळलंच नाही.

दिवाडीचं जुनं नाव दीपवती. कदंब राजांचा सप्तकोटीश्वर इथलाच. बहामनींच्या काळात देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभारलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडलं. मग भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला आणि दारावरचा शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. बेटावर उरलं आहे ते जुनं तळं आणि काही घडवलेले दगड. नार्व्याला जाणाऱ्या फेरीत बसले तेव्हा सारखं मनात येत होतं की देवही याच पाण्यावरून गेला असणार, आणि तेही रात्रीच्या अंधारात, घाईनं.

माणसं मात्र जमिनीला धरून राहिली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावरच्या पिएदाद गावात बोंदेरामचा उत्सव भरतो. मुळात गावांच्या हद्दींवरचं भांडण. हद्द दाखवायला पोर्तुगीजांनी निशाणं लावली आणि लोकांनी ती पाडली. आता मिरवणूक निघते, आणि पोरं फोटाश घेऊन पळतात. फोटाश म्हणजे बांबूची पोकळ नळी. तिच्यात हिरवी फळं दाबायची, मागून दांडा रेटायचा, की फट्! भांडणाचं एवढं हलकं फळ होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण माझा जीव अडकलेला आहे तो बांधात. पर्यटक मनोरे पाहतात, जुनी घरं पाहतात, बांधावरून फोटोही काढतात. बांधाला भगदाड पडलं, ते वेळेवर बुजलं नाही, की शेत खारटतं, पडीक राहतं आणि दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. पडलेल्या देवळाचे दगड निदान ओळखू तरी येतात. बुडालेल्या शेतात काय होतं, ते कुणाला दाखवणार?

संध्याकाळी पुन्हा मानशीपाशी गेले. आजोबा नव्हते. भरती लागली होती. पाणी दारांना टेकलं, लाकूड कुरकुरलं, आणि दोन्ही पाखं हळूहळू जवळ येत मिटली. बाहेर नदी चढत होती. आतल्या कालव्यात एक बगळा पाणी न ढवळता उभा होता.