बिनकराचा मुलूख

आमच्या पुतण्याने 2020 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील बिऱ्हाड मोडून टेक्सासात थाटले, तेव्हा बोदवडच्या आमच्या घरी त्याचा जेवढा खल झाला, तेवढा तो प्रथम परदेशी गेला तेव्हाही झाला नव्हता. त्याने कळविलेले कारणच नवलाचे होते. अमेरिकेत मध्यवर्ती प्राप्तिकर सर्वत्र सारखा. राज्याचा कर निराळा. कॅलिफोर्नियात तो वरच्या पायरीस 13.3 टक्क्यांपर्यंत चढतो. टेक्सासात मुळीच नाही. 2019 साली मतदारांनी तसा निर्बंध राज्यघटनेतच घालून घेतला. विधिमंडळाचे नित्याचे अधिवेशनही दोन वर्षांतून एकदाच, 140 दिवसांचे. सरकार जितके लहान तितके बरे, असे पुतण्याचे मत.

“मग तिथल्या शाळा कशावर चालतात?” वहिनींनी विचारले. प्रश्न मार्मिक होता. तो भार बराचसा घरपट्टीवर पडतो, आणि ती घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्क्यांच्या घरात जाते. तरीही उभयतांच्या पगारांचा हिशेब करता शिल्लक उरते, हे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात 1975 साली व्यवसाय कर बसला, तेव्हा मी नुकताच शिक्षक झालो होतो. शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली. परंतु 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे आम्ही पाहिली होती. वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या रोजगार हमी योजनेस पैसा हवा, म्हणून हा कर, एवढे ठाऊक असल्याने ती कुरकुर टिकली नाही. पुतण्याला हे सांगितले, तर तो हसला. बोदवडसारख्या पाणीटंचाईच्या गावी टँकरची वाट पाहिलेल्यांना मात्र लहान सरकार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात अघोर थंडी पडली. 45 लाखांवर घरांची वीज गेली. मध्यवर्ती देखरेख नको म्हणून त्या राज्याने आपले विजेचे जाळे शेजाऱ्यांपासून बहुतांशी अलग ठेवलेले. त्यामुळे बाहेरून मदत फारशी येईना. राज्याच्याच मोजणीप्रमाणे 246 माणसे दगावली. पुतण्याच्या घरातील नळ गोठून फुटले. तीन रात्री चौघे एकाच खोलीत रजया पांघरून बसले. सूनबाईंचा फोन लागेपर्यंत वहिनींनी देवापाशी समई विझू दिली नाही.

पुढे त्याने जनरेटर बसविला. किंमत कळविली, ती वहिनींनी दोनदा विचारून घेतली. तो कॅलिफोर्नियास परतणार नाही. मुले शाळेत रुळली आहेत.