‘आढळत नाही’ म्हणण्यापूर्वी

संशोधनाच्या भाषेतील सर्वांत जोखमीचे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर ‘असा उल्लेख आढळत नाही’ हे मी सांगेन. जे आढळले ते दाखविता येते. न आढळण्याला मात्र शोधणाऱ्याच्या पद्धतीवाचून दुसरा आधार नसतो. निवृत्तीनंतर जबलपूरच्या सराफ्यातील माझ्या घरी जे पदव्युत्तर विद्यार्थी येतात, त्यांच्या मसुद्यांत हे वाक्य अलीकडे फार दिसू लागले आहे. याचे कारण आळस नव्हे. ही मुले एका रात्रीत पडद्यावर जितकी पुस्तके चाळतात, तितकी पाहण्यासाठी आमच्या पिढीला नागपूर-पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागत. त्या वाऱ्यांचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. त्यांत प्रवासखर्च आणि ग्रंथपालाची मर्जी यांचाच वाटा मोठा असे.

एका विद्यार्थिनीचा विषय जुन्या मराठी गद्यातील नर्मदाकाठ हा होता. तिने अंकीय ग्रंथसंग्रहांत ‘जबलपूर’ हा शब्द घालून शोध घेतला, हाती फारसे लागले नाही, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांना या शहराची दखल घ्यावीशी वाटली नाही, असा निष्कर्ष तिने काढला. या एका वाक्यावर तिचे सबंध प्रकरण उभे होते. इंग्रजी अमलापूर्वी जे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर हीच ज्याची प्रांतिक राजधानी होती, त्याविषयी मराठीने मौन पाळले असेल, हे मला पटेना. परंतु न पटणे हा काही पुरावा नव्हे. म्हणून मी तिला एवढेच सांगितले, की या शहराचे नाव किती प्रकारे लिहिले गेले असेल ते आधी कागदावर मांड.

तो कागद भरत गेला. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, हा नियम १९६२ चा. त्याआधीच्या छपाईत ‘जबलपुर’ सहज सापडावे. कोठे ‘ब’चे द्वित्त करून ‘जब्बलपूर’. मोडी कागदांत तर ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलाच जात नसे. इंग्रजांच्या जुन्या दप्तरांत शहराच्या नावाची सुरुवातच ‘जे-यू-डबल बी’ अशी होई. शिवाय १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला जुने ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ दिसत नाहीत. राजवाड्यांच्या ज्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तिचे नावच मुळी ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे छापलेले आहे. यंत्र अप्रामाणिक नाही. त्याला जे विचारले, जसे विचारले, त्याचेच ते उत्तर देते. त्यातही जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे त्याला नीट वाचता येत नाहीत, आणि सूचीकाराने रोमन लिपीत उतरविलेले ग्रंथनाम कित्येकदा ओळखू येत नाही.

यावर उपाय म्हणून मी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पुढे ठेवतो. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची विषयवार नोंद एका माणसाच्या चिकाटीने झाली, ही आपल्या वाङ्मयव्यवहारातील थोर गोष्ट आहे. तिचे पान उघडले की जे शोधत नव्हतो तेही शेजारच्या ओळीत दिसते. हे शेजारपण पडद्यावर मिळत नाही. विद्यार्थ्यांना प्रथम ती सूची कंटाळवाणी वाटते, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही.

दुसरा धडा आवृत्तीचा. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला तो मजकुरावर आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिला. गोडसे भटजींच्या भाषेविषयी विधान करणाऱ्याने यांतले कोणते पुस्तक वाचले, यावर सारे अवलंबून आहे. मुखपृष्ठ गळालेल्या प्रतिमांच्या धारिकेत नेमके तेवढेच कळत नाही. आमच्या गल्लीतील सराफाकडे टंच सांगणारे यंत्र आले आहे. तरी दागिना त्यावर ठेवण्यापूर्वी तो उलटून, जोड कोठे दिला आहे ते पाहतो. अलीकडे प्रश्न विचारताच परिच्छेद लिहून देणारी साधने आली आहेत. ती अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे पृष्ठांकासह देतात, म्हणून न पाहिलेल्या पुस्तकाची तळटीप मी वाचीतच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. विद्यार्थी त्या आकड्याची धास्ती घेतात. चोरीला आळा बसला पाहिजे, यात शंका नाही. पण ‘मराठी लेखकांनी दखल घेतली नाही’ हे चुकीचे वाक्य कोणाचेच उचललेले नसते. ते त्या तपासणीतून निर्वेध सुटते, पुढच्या प्रबंधात आधार म्हणून येते, आणि दोन पिढ्यांत एका गावाचा मराठीशी असलेला संबंध कागदोपत्री संपतो. जबलपूरच्या मराठी घरांतून आता मराठी वाचणारेच कमी होत चालले आहेत. अशा वेळी हे वाक्य खोडायला कोण उरणार?

त्या विद्यार्थिनीने ते वाक्य काढून टाकले. त्याच्या जागी कोणत्या सूची, कोणत्या लेखनरूपांनी, कोणत्या तारखांना पाहिल्या, याची पाऊण पानाची टीप आली. तीन-चार नोंदी हाती लागल्या आहेत. त्यांपैकी दोन पुस्तके तिला अद्याप प्रत्यक्ष पाहावयाची आहेत. त्यासाठी पुढच्या महिन्यात ती नागपूरला जाणार आहे, आणि प्रबंधाची मुदत वाढवून मागण्याचा अर्ज तिने माझ्याकडून तपासून नेला आहे.