जामच्या तीरावर

पोळ्याच्या करीला सौंसरहून पांढुर्ण्याकडे निघालो, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याच्या बागा पावसाने न्हाऊन उभ्या होत्या. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व आमचे सौंसर त्यात आले. त्यापूर्वी दोन्ही गावे छिंदवाड्याची. गोटमार मात्र या साऱ्या सीमांहून जुनी आहे.

जाम नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो. एका तीरावर पांढुर्णेकर, दुसऱ्यावर सावरगावकर. मुलगी पळवून नेणाऱ्या एका तरुणाची आख्यायिका सर्वांना पाठ आहे, रक्त मात्र दरवर्षी ताजे असते. रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदी घालून पाहिली; लोक गोट्यांकडेच वळले. आता तीरावर कॅमेरे आहेत आणि डोक्यावर ड्रोन फिरते.

2013 साली रिमिनी प्रोटोकॉल या नाट्यमंडळीने 'रिमोट बर्लिन' नावाचा प्रयोग केला होता. पन्नासेक प्रेक्षकांच्या कानांवर हेडफोन चढवून एक यांत्रिक आवाज त्यांना शहरभर हिंडवी; नट असे नव्हतेच, चालणारे प्रेक्षकच एकमेकांचे दृश्य होत. त्याची आठवण होऊन आम्ही क्षणभर डोळे मिटले. ढोल, ध्वनिक्षेपकावरील सूचना, पाण्यात पडणाऱ्या गोट्यांचे डबडब आवाज, आणि या सर्वांवरून ड्रोनची गुणगुण. जणू सारे गाव एका अदृश्य सूत्रधाराच्या नाटकात उतरले होते. तेवढ्यात पलीकडून एक आरोळी आली. ती आम्ही ओळखली. आमच्याच शाळेचा मुलगा!

सायंकाळी बंदोबस्तावरील एका अधिकाऱ्याने पडद्यावरील चित्र पुढे केले. "मास्साब, हा तुमच्या शाळेतला का?" तोंडाला गमछा, हातात गोटा. कॅमेऱ्याला कान नव्हते, म्हणून त्याला नाव ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होते. जखमींना आम्ही नुकतेच पाहिले होते, त्यामुळे खरे सांगावे असेही वाटले. पण त्या पोराचे उभे आयुष्य एका चित्राच्या हवाली करावयास जीभ वळेना.

"चेहरा स्पष्ट नाही," आम्ही म्हणालो.

पुढे शाळा भरली तेव्हा त्याच्या वर्गाची हजेरी आम्ही स्वतः घेतली. त्याच्या कपाळाला पट्टी होती. "हजर" हा शब्द त्याने इतका हळू उच्चारला, की आम्हांस त्याचे नाव पुन्हा पुकारावे लागले.