खोडाची कैफियत

परसातल्या आंब्याची प्रकृती दाखवावयास मला बोलावणे येते ते बहुधा पाने सुकू लागल्यावर. आणि यजमान शेंड्याकडे बोट दाखवीत असताना मी मात्र बुंध्याशी उकिडवा बसतो, याचे त्यांना नवल वाटते. परंतु कोकणपट्टीत घरोघरच्या झाडांची निगा राखणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला अनुभवाने ठाऊक असते की, शेंड्यावर आज दिसणारी तक्रार खोडात किंवा मुळांशी पुष्कळ आधी दाखल झालेली असते.

भिरुडाचेच पाहा. पावसाच्या आरंभी त्याचा लांब मिशांचा भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो, आणि त्यांतून निघालेली अळी खोडात शिरून महिनोन्‌महिने आतले लाकूड पोखरीत राहते. बाहेर खूण एवढीच की, सालीवरच्या छिद्रातून ओलसर भुसा गळत असतो आणि त्याखाली काळपट रसाचा ओघळ वाळलेला असतो. तो भुसा ताजा आहे, अशी खातरजमा झाली की मी तारेचा आकडा आत सारतो. कधी त्याच्या टोकाला बोटाएवढी जाड, मळकट पांढरी अळी अडकून येते, आणि न आली तर रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत ढकलून छिद्र चिखलाने लिंपून टाकावे लागते.

या साऱ्या उपचारांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. अलेक्स शिगो नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून तपासली आणि असे दाखवून दिले की, झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेल्या भागाभोवती झाड आतून तटबंदी उभारते, तो भाग आहे तसा बंदिस्त करते आणि नवे लाकूड त्याच्यावरून वाढवीत नेते. म्हणजे आपण केलेला प्रत्येक छेद झाडाच्या दप्तरी कायमचा नोंदला जातो. म्हणूनच फांदी काढताना तिच्या बुडाशी सालीची जी फुगीर वळी असते, तिला धक्का न लावता, पण पुढे खुंटही न ठेवता, कापावे. आणि फांदी वजनदार असेल तर हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट छेद घेऊन मग वरून कापावे, नाहीतर तुटती फांदी खोडाची साल सोलीत खाली येते. कापल्या जागी बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद व चुना एकेक किलो आणि पाणी दहा लिटर, लावण्याची आमच्याकडे रीत आहे. त्याने बुरशीला काही काळ अटकाव होतो, परंतु चुकलेला छेद त्याने दुरुस्त होत नाही.

बांडगुळाच्या बाबतीत मात्र संकोच करू नये. फुलटोच्या पक्षी त्याचे फळ खातो आणि चिकट बी फांदीवर टाकतो. तेथे ते रुजून फांदीच्या लाकडात आपली शोषके घालते. ती आतल्या आत पसरलेली असल्यामुळे नुसता झुपका खुडून भागत नाही. फळे धरण्यापूर्वीच, सांध्याच्या खाली हातभर अंतर ठेवून, फांदीसकट ते काढावे लागते. याउलट बुंध्याला भिडवून घातलेली फरशी हा नेटक्या घरमालकाने अजाणता केलेला अपाय होय, कारण तिच्यामुळे मुळांना हवा आणि पाणी दोन्ही दुर्मीळ होतात. फरशी उखडून निदान आळ्यापुरती माती मोकळी करा, असे सांगितले की पुष्कळांची मुद्रा उतरते.

शहर हद्दीत १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून झाड तोडता येत नाही आणि छाटणीसाठीही पालिकेत अर्ज करावा लागतो, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर तो अर्ज मलाच लिहून मागतात. लिहिण्यापूर्वी मी एवढेच विचारतो की, ही फांदी वाळलेली आहे, घरावर येण्याजोगी आहे, की नुसती नडते आहे? उत्तर शेवटचे असेल तर अर्ज लिहिण्याचे मी विनयाने नाकारतो; माझी त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि झाडाच्या दप्तरी एक नोंद कमी होते.